अमावस्येची नोंद

मी मोठ्यानं बोलते. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, ही बाई सदा भांडत असते. भांडतेच म्हणा, पण मोठ्या आवाजाचं कारण वेगळं आहे. मी पुण्याच्या तांबट आळीत वाढले. सकाळी सातला चाळीस हातोडे तांब्यावर पडायला लागतात ते दिवेलागणीपर्यंत पडतच असतात. आमच्याकडे कुणी हळू बोललं तर शेजारी विचारतात, बरं नाही का गं? माझे वडील, अप्पा वडके, पंचावन्न वर्षं घंगाळं आणि बंब ठोकून कानानं पार गेलेत. त्यांना कुणी काही सांगायला गेलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं. ऐकू येत नाही, जवळ ये.

तर मी हेही मोठ्यानंच सांगणार आहे. ज्याला त्रास होईल त्यानं कानात बोळे घालावेत.

पहिल्यांदा हे कबूल करते की चक्री मला हवी होती. चक्री म्हणजे शहराच्या पोटातून गोल फिरणारी अठरा किलोमीटरची भुयारी रेल्वे. दोन डब्यांची छोटी गाडी, ड्रायव्हर नाही, दर नव्वद सेकंदांनी एक. वर रस्त्यांची काय दशा होती ते पुणेकराला सांगायला नको. पेठांमधून गाड्या ताशी चार किलोमीटरनं सरकायच्या, म्हणजे चालणारा माणूस पुढे जायचा आणि वर मागे वळून हसायचा. मी राहते आंबेगावला. आईच्या दहाव्याला मी सकाळी सातला घर सोडलं आणि घाटावर पोचले पावणेदहाला. तोवर कावळा शिवून गेला होता. अप्पांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं की या शहरात रेल्वे होणार असेल तर ती बांधायला मी जाणार. आणि गेले. 'नगरवेग' नावाच्या कंपनीनं चक्रीचं कंत्राट घेतलं होतं, त्यांच्याकडे मी 'कान' सांभाळायला लागले.

हा कान काय प्रकार आहे ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

बोगद्याच्या वर, जमिनीत दोन मीटर खोल, आम्ही काचेची एक तार पुरली आहे. इंटरनेटला वापरतात तीच, केसाएवढी. तिच्या एका टोकातून लेसरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असते आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरून कुणी चाललं, खाली पंप लागला, बाजूला माती सरकली की तिथली काच अगदी किंचित ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. किती वेळानं परत आला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून आवाज कळतो. म्हणजे अठरा किलोमीटरच्या तारेत मीटरामीटराला एक कान. जुन्या शहराखालून बोगदा नेताना हे हवंच होतं, कारण कुठे जमीन पोकळ होतेय हे घर पडायच्या आधी कळायला पाहिजे.

पण अठरा हजार कान एकदम ओरडायला लागले तर कुणाचं ऐकायचं? म्हणून यंत्रणेला शिकवावं लागतं. ही बस, हा पंप, ही शाळेची मधली सुट्टी. जे रोजचं आहे ते तिनं ओळखायचं आणि वजा करायचं. उरेल ते संशयाचं. तांबट आळीच्या तुकड्याला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी खूश झाले, कारण ते हातोडे माझ्याएवढे त्या कंपनीत कुणाला माहीत होते? मी चार आठवड्यांचं रेकॉर्डिंग केलं. शुद्ध प्रतिपदेपासून, अमावस्या वगळून.

का वगळली? कारण आमच्या आळीत रविवारी सुट्टी नसते, अमावस्येला असते. त्या दिवशी तांब्यावर हातोडा पडत नाही. ऐरणीला हळदकुंकू लागतं, हत्यारं पुसून ठेवतात, बायका भट्टीची राख काढतात. लहानपणापासून माझ्या डोक्यात बसलेलं, अमावस्या म्हणजे सुट्टी. सुट्टीच्या दिवसाचं काय मोजायचं? बाहेरच्या कुणी हे काम केलं असतं तर त्यानं आंधळेपणानं सगळा महिना घेतला असता आणि बरोबर ठरला असता. मी शहाणी, आळीतली, म्हणून चुकले.

चक्री सुरू व्हायला तीन महिने राहिले असताना एका दुपारी अप्पांनी मला ऐरणीपाशी बसवलं. आमची ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेल्या लाकडी ओंडक्यात ठोकलेली लोखंडी मेख. अप्पा तिला पाय टेकून बसतात. ते म्हणाले, हेमे, हिचा आवाज बदललाय, खाली पोकळ आहे. मी विचारलं, तुम्हाला आवाज कधीपासून ऐकू यायला लागला? ते म्हणाले, कानाला नाही, पायाला येतो. मी मोबाइल काढून त्यांना आमचा नकाशा दाखवला. आळीचा सगळा पट्टा हिरवागार. अठरा हजार कान ठीक म्हणतायत, अप्पा, आणि तुमचे पाय नाही म्हणतायत, आता कुणाचं ऐकू? असं मी म्हणाले. हसत म्हणाले. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी दोन महिन्यांत चारदा सांगितलं. मी चारदा हिरवा रंग दाखवला.

मग एका सोमवारी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. निखिल भाटवडेकर, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, हुशार, शर्टाला कधी सुरकुती नाही. त्यांची तक्रार अशी की तांबट आळीचा तुकडा दर महिन्याला एक दिवस मुका होतो. यंत्रणा 'तार बंद' असा शेरा मारते आणि त्या दिवसाची नोंद टाकून देते. उद्घाटन बारा दिवसांवर आलंय, तार कुठे सैल आहे का बघा. मी तारखा बघितल्या. शेजारी भिंतीवर कालनिर्णय होतं. सगळ्या अमावस्या होत्या.

तार बंद नव्हती. यंत्रणेला मी शिकवलं होतं की या तुकड्यावर दिवसा हातोडे असतातच. ज्या दिवशी हातोडे नाहीत त्या दिवशी तिनं ठरवलं की आपल्याला ऐकू येत नाही. आणि जेव्हा खरोखर ऐकू येत होतं तेव्हाचं सगळं तिनं फेकून दिलं.

टाकलेली नोंद सात दिवस पडून असते. शुक्रवारच्या अमावस्येची होती. मी कानाला हेडफोन लावले. सकाळी सातला आळीत पाणी येतं, ते आलं. त्याच्या मागोमाग एक बारीक आवाज सुरू झाला, चाळणीतून रवा चाळावा तसा. पाणी अकराला जातं, तोवर तो चालू होता. पाणी गेलं, आवाज थांबला. जागा कुठली ते बघितलं. अप्पांच्या ऐरणीखाली.

उलगडा सोपा होता. बोगदा खणताना वरच्या पाण्याच्या नळाचा सांधा हलला होता. पाणी आलं की तो गळायचा आणि माती धुऊन न्यायचा. कुठे न्यायचा? तर पेशवाईतला एक जुना दगडी नळ, आता कोरडा, कुणाच्या नकाशावर नसलेला, तिथून गेलाय, त्यात. सकाळी पाणी असताना वर चाळीस हातोडे, म्हणून ऐकू येत नाही. रात्री हातोडे नसतात, पण पाणीही नसतं, म्हणून ऐकण्यासारखं काही नसतं. वर जुनी फरशी दगडाची, ती वाकत नाही, पडते तेव्हा एकदम पडते. आणि बारा दिवसांनी खालून दर नव्वद सेकंदांनी गाडी धडधडणार होती.

मी धावत साहेबांकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"ही नोंद ग्राह्य नाही, मॅडम. यंत्रणा म्हणते, त्या दिवशी तार बंद होती."

"तार चालू होती, सर. आळी बंद होती."

ते खिडकीतून खाली बघत राहिले. खाली नेहमीसारखाच रस्ता तुंबला होता. मग ते म्हणाले, रोज चाळीस लाख लोक असे अडकतात, त्यांना अजून एक दिवस थांबवायचा हक्क मला नाही. बंद तारेच्या नोंदीवर मी काम थांबवलं तर मला घरी बसवतील आणि माझ्या जागी येणारा गाडी चालवेलच. पुढच्या अमावस्येला परत तपासू. मी म्हणाले, पुढच्या अमावस्येपर्यंत माझे वडील गाडीच्या टपावर बसलेले असतील. ते म्हणाले, आवाज खाली करा.

आवाज खाली करा! माती गळतेय त्याचा आवाज नको, आळीचा नको, आता माझाही नको.

मी सुरक्षा आयुक्तांच्या कचेरीत सगळं लिहून पाठवलं. पोच आली. पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल असं त्यात छापलेलं होतं. पण त्याच आयुक्तांचा एक नियम मला पाठ होता. कान असल्याशिवाय गाडी नाही. तारेचा कुठलाही तुकडा सलग तीन दिवस मुका राहिला, तर त्यावरून गाडी जाणार नाही आणि कंपनीनं जमीन उघडून तार तपासायची. हा नियम यंत्रणेच्या मुळात बसवलेला होता, भाटवडेकरांच्या बापालाही तो काढता आला नसता. एका अमावस्येनं काही होत नव्हतं. तीन लागत होत्या, एकापाठोपाठ.

आळीची बैठक कालिकामातेच्या देवळात भरली. मी उभी राहिले आणि सांगितलं की तीन दिवस हातोडा खाली ठेवा. कल्लोळ झाला. कारण उद्घाटनाच्या पाहुण्यांना द्यायला पाचशे तांब्याचे गडू नगरवेगनंच आळीला करायला सांगितले होते आणि निम्मे व्हायचे होते. नंदू करडे, ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त गडू होते, उभे राहिले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मला खांद्यावर घेऊन गणपती दाखवलेला माणूस.

"कंपनीचा पगार तू घेतेस आणि हातोडा आम्ही खाली ठेवायचा?"

मी काही म्हणायच्या आत अप्पा उठले. त्यांना बैठकीतलं अर्धंच कळलं असणार, पण ते माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत बोलले.

"दोन महिने मी सांगतोय, हेमे. तुझ्या काचेनं सांगितलं तेव्हा तुला खरं वाटलं."

चाळीस घरांसमोर मी हात जोडले. चुकले, एवढं म्हणाले. तेही त्यांना ऐकू आलं नसेल.

मग अप्पा नंदूदादांना हाताला धरून घेऊन गेले आणि आम्ही सगळे मागे. त्यांना आपल्या ऐरणीपाशी बसवून पाय टेकायला लावले आणि मेखेवर एक घाव घातला. मग तसंच उठवून त्यांच्या स्वतःच्या ऐरणीपाशी नेलं आणि तिथे एक घाव घातला. रिकामं भांडं आणि भरलेलं भांडं यांतला फरक तांबटाला समजवावा लागत नाही. नंदूदादा उठले. ऐरणीजवळचा अर्धवट गडू त्यांनी फळीवर उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आळी गप्प होती. पोकळीच्या वरच्या तीन घरांतली माणसं आम्ही देवळात हलवली. अप्पा हलेनात, त्यांना मी जवळजवळ ओढत नेलं. पहिल्या दिवशी लोकांना शांततेत बोलताच येईना, एकमेकांशी बोलले की भांडल्यासारखं वाटायचं आणि मग खरंच भांडायचे. एका बाईला चाळीस वर्षांत पहिल्यांदा समोरच्या घरातला कुकर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस गडू न्यायला आला आणि उलट्या ठेवलेल्या भांड्यांच्या रांगा बघून गेला. दुपारी भाटवडेकरांचा फोन आला. तुम्ही लोकांना भडकवताय, म्हणाले. मी म्हणाले, आम्ही काहीच करत नाही आहोत, सर, काहीच न करण्याबद्दल तक्रार कशी करता येईल?

तिसऱ्या दिवशी सकाळी कुठूनतरी टक् टक् आवाज आला. मी आवाजाच्या दिशेनं धावले. एक म्हातारे काका होते, हात राहवेना म्हणून एक पळी ठोकायला बसले होते. अप्पा गेले आणि त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला. काकांनी पळी खाली ठेवली.

संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चक्रीची चाचणीची गाडी आळीच्या अलीकडच्या स्टेशनात थांबली आणि पुढे गेली नाही. आत वर्तमानपत्रांची माणसं होती म्हणे.

मग मात्र सगळे आले. यंत्र आलं, छिद्र पाडायला घेतलं. कुठे पाडायचं ते मी खडूनं आखून दिलं. दीड मीटरवर यंत्राचं टोक हातातून सुटल्यासारखं खाली गेलं. कॅमेरा सोडला. खाली खोली होती, आमच्या माजघराएवढी, आणि तिच्या छताला अप्पांच्या ऐरणीच्या ओंडक्याचं बूड दिसत होतं. भाटवडेकर पडद्याकडे बघत होते, त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. तो म्हणाला, काँक्रीट किती लागेल?

जुन्या नळासकट चाळीस गाड्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की नगरवेगच्या अत्याधुनिक यंत्रणेनं धोका वेळीच ओळखला. आळीचं नाव चुकीचं छापलं होतं.

चक्री पंधरा दिवस उशिरा सुरू झाली. मी आंबेगावहून अप्पांकडे सोळा मिनिटांत पोचते. गाडी सुरेख आहे, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी आईची आठवण येऊन मी त्या गाडीत रडले. आयुक्तांनी नियम कडक केला होता, आता कामाच्या वेळेत एक तास तार मुकी राहिली तरी गाडी थांबायची. म्हणजे प्रत्येक अमावस्येला चक्री बंद. उपाय साधा होता. यंत्रणेला अमावस्या शिकवायची, म्हणजे त्या दिवशी हातोडे नसले तरी ती घाबरणार नाही आणि कान लावून ऐकेल. दोन ओळींचं काम. ते मी करून पाठवलं. उत्तर आलं की बदल केला तर यंत्रणेची मंजुरी नव्यानं घ्यावी लागते, आठ महिने जातील.

त्याऐवजी त्यांनी काय केलं ऐका. आळीच्या तोंडाशी, फरशीत, एक विजेचा हातोडा बसवला. लोखंडी पेटी, आत दट्ट्या, जमिनीवर ठक ठक ठक. अमावस्येला आपोआप चालू होणार. म्हणजे ज्या एका दिवशी जमिनीचं खरं बोलणं ऐकू येतं, त्या दिवशीही ते ऐकू येऊ नये याची सोय. आणि आळी उद्या पुन्हा गप्प बसली तरी गाडी थांबू नये याचीही. पेटीवर छापलं होतं, 'आपल्या सुरक्षिततेसाठी'. ती बसवायला कंपनीनं मलाच सांगितलं. मी नाही म्हणाले. दुसऱ्या कुणीतरी बसवली.

मग अमावस्या आली. मी रजा टाकून आळीत गेले. ऐरणींना हळदकुंकू लागलेलं, हत्यारं पुसून ठेवलेली, सगळे ओट्यावर बसलेले आणि तोंडाशी ती पेटी एकटीच ठोकतेय. नंदूदादा शिव्या देत होते. म्हातारे काका कानांवर हात ठेवून बसले होते. अप्पांना ऐकू येत नव्हतं, पण ते ऐरणीशेजारी पाय टेकून बसले तसे दचकले. मला विचारलं, आज कोण ठोकतंय?

मी पेटीकडे बोट दाखवलं. अप्पा उठले, ओट्याचा आधार घेत चालत गेले, वाकले आणि पेटीचा प्लग ओढून काढला. पेटीला म्हणाले, आज अमावस्या आहे.

आळीत कुणी हललं नाही. मी घड्याळ लावलं. बरोबर एक तासानं आळीच्या टोकाच्या स्टेशनातून माणसं वर यायला लागली, बॅगा घेतलेली, वैतागलेली. एका मुलीनं तावातावानं विचारलं, काय झालंय खाली? नंदूदादांनी तिला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली. तिच्यामागून आणखी दहा जण ऐकायला थांबले.

माझा फोन वाजला. भाटवडेकर. अठरा किलोमीटर बंद आहे, म्हणाले, पेटी ताबडतोब चालू करा. मी सांगितलं की पेटी चालू होणार नाही. दोन ओळी तुमच्या टेबलावर आहेत, त्या घाला. ते म्हणाले, मंजुरी लागते. मी म्हणाले, मग मंजुरी येईपर्यंत दर अमावस्येला भेटू.  मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले की मॅडम, आमच्या पडद्यावर काहीच येत नाहीये, तिथे खाली नक्की काय चाललंय ते आम्हाला ऐकू येत नाही.

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं.

मी अप्पांच्या कानाशी जाऊन ओरडले, अख्ख्या आळीला आणि फोनवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

"ऐकू येत नाही म्हणतायत!"

अप्पांनी प्लगची वायर नीट गुंडाळून मांडीवर ठेवली.

"मग जवळ ये म्हणावं."

मी तसंच सांगितलं.